वासरू की पोटरी?

गेल्या दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. पाऊस एकदाचा उघडला होता, शिवारात भाताची कापणी चालू होती आणि राजूरच्या पेठेत आकाशकंदिलांची गर्दी झाली होती. मी ओसरीवर बसून सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उपसत होतो. दिवाळीत उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक आणि दिवाळीत दुकान उघडे ठेवणारा वाणी, या दोघांची तक्रार कुणी ऐकून घेत नाही. तेव्हा ती इथेही करीत नाही.

फाटकाशी दोन माणसे येऊन उभी राहिली. एक माझ्याच वयाचा, पांढरी टोपी घातलेला शेतकरी, आणि त्याच्या मागे एकोणीस-वीस वर्षांची त्याची मुलगी. मुलीच्या हातात विटेएवढे जाड पुस्तक होते.

“इंग्रजीचे सर इथंच राहतात ना?” शेतकऱ्याने विचारले.

“शेजारच्या घरात. पण ते सुटीला गावी गेलेत. काय काम होतं?”

बापलेकीने एकमेकांकडे पाहिले. मग बाप म्हणाला, “तुम्ही पण सरच ना? मग तुम्हीच समजावा हिला. ही म्हणती, मी आता माघारी जात नाही.”

मी मराठीचा प्राध्यापक आहे, इंग्रजीशी माझा संबंध बेताचाच, हे सांगण्याची ही वेळ नव्हती. मी म्हटले, “बसा भाऊ.” दोघे बसली.

मुलगी भंडारदऱ्याच्या पलीकडच्या एका वाडीतली. आश्रमशाळेत शिकली, राजूरला बारावी झाली आणि नाशिकला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. त्यांच्या साऱ्या भावकीत दवाखान्याच्या आत नोकरीसाठी पाऊल टाकू पाहणारी ही पहिलीच. तिच्या राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी बापाने गोठ्यातल्या डांगी बैलांच्या जोडीतला एक विकला होता. डांगी बैल म्हणजे आमच्या या पावसाळी मुलखाचे वैभव. काळ्या टणक खुरांचा, तेलकट कातडीचा, धो धो पावसात चिखलात दिवसभर उभा राहील असा. राजूरला त्यांचे प्रदर्शन भरते. आणि जोडीतला एक बैल विकला म्हणजे उरलेला एकटा औताला चालत नाही, हे शहरातल्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवे. मुलगी परत गेली नाही, तर त्या घरात काय काय अडणार होते, ते यावरून ध्यानात यावे.

झाले होते ते असे. वॉर्डात जाऊ लागून तिला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. एका सकाळी थोरल्या सिस्टर घाईघाईने जाता जाता तिला म्हणाल्या, “नऊ नंबरचा डिस्चार्ज बघून ठेव.” ही आनंदाने नऊ नंबरच्या खाटेपाशी गेली आणि पेशंटच्या बायकोला म्हणाली, “मावशी, तुमचा आज डिस्चार्ज आहे.” मावशींनी पिशव्या भरल्या, डबा परत पाठवला, गावाकडे निरोप धाडून गाडी मागवली. दोन तासांनी सिस्टर परत आल्या. पेशंटच्या पोटावरची शस्त्रक्रिया होऊन दोनच दिवस झाले होते. जखमेतून किती आणि कसला स्राव येतो आहे, तो बघून ठेव, असे त्यांना सांगायचे होते.

पुढे जे बोलणे बसले, त्यातले एकच वाक्य मुलीने मला सांगितले: “इंग्रजी येत नाही, तर आलीस कशाला?” ते सांगतानाही तिची मान खालीच होती.

मी तिचे पुस्तक मागितले. शरीररचनेचे पुस्तक. पानापानावर, ओळीओळीवर पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरात अर्थ लिहिलेले. मुलगी आळशी नव्हती, हे पहिल्या पानावरच कळले. पायाच्या चित्रात गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूला ‘काफ’ असा शब्द होता आणि त्यावर हिने लिहिले होते, ‘वासरू’. डोक्याच्या चित्रात ‘टेंपल’वर ‘देऊळ’. ‘व्हेसल’वर ‘भांडे’. ‘कल्चर’वर ‘संस्कृती’. ‘लेबर’वर ‘मजूर’. डोळ्याच्या धड्यात एक साधे वाक्य होते, की अंधारात प्युपिल मोठा होतो. तिच्या पेन्सिलीने त्याचे भाषांतर केले होते, ‘अंधारात विद्यार्थी मोठा होतो.’

मला हसू आले आणि लगेच ते गिळावे लागले. कारण यातला एकही अर्थ चुकीचा नव्हता. कोणताही कोश उघडा. काफ म्हणजे वासरू, टेंपल म्हणजे देऊळ, प्युपिल म्हणजे विद्यार्थी. तिने कोशात पाहूनच लिहिले होते. मात्र पायात वासरू नसते, पोटरी असते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना देवळे नसतात, कानशिले असतात. आणि प्रयोगशाळेत पुवाचे ‘कल्चर’ करतात तेव्हा त्यात वाढवायचे असतात ते जंतू. बापाने पुस्तकात डोकावून ते वासरू पाहिले होते म्हणे. तो म्हणाला, “मला वाटलं, दवाखान्यात गुरांचं पण शिकवतात.”

या पेन्सिलीच्या अर्थांचे मूळ कुठे आहे, ते आम्हा मास्तर मंडळींना चांगले ठाऊक असते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. पहिलीच्या मुलाच्या वहीत काय असते? ‘कॅट’, पुढे बरोबरचे चिन्ह, पुढे ‘मांजर’. ‘डॉग’ बरोबर ‘कुत्रा’. गणितातले ते दोन आडव्या रेघांचे चिन्ह भाषेच्या वहीत शिरते आणि तिथेच मुक्काम ठोकते. बारावीपर्यंत वह्या बदलतात, मास्तर बदलतात, ते चिन्ह बदलत नाही. बाजारातल्या गाइडांतही तेच. मांजर-कुत्र्यापुरते ठीक आहे. पण दोन आडव्या रेघांच्या अलीकडे एक शब्द आणि पलीकडे एक अर्थ, असा हिशेब मुलाच्या मनात एकदा पक्का झाला, की दुसरा अर्थ दारात आला तरी तो त्याला आत घेत नाही.

हा दोष आमच्याच मुलांचा आहे असे कुणी समजू नये. इस्राएलमध्ये मार्शा बेन्सुसान आणि बाट्या लॉफर या दोन विदुषींनी विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी उतारा देऊन संदर्भावरून शब्दांचे अर्थ ओळखायला सांगितले. त्यांचा लेख १९८४ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त फसवले ते अनेकार्थी शब्दांनी. अगदी अनोळखी शब्द आला की विद्यार्थी थबकतो, इकडेतिकडे पाहतो, विचार करतो. पण ओळखीचा शब्द आला की तो थबकतच नाही. ठाऊक असलेला एक अर्थ लावून बिनघोर पुढे जातो, मग ते वाक्य आरडाओरडा करून सांगत असले तरी, की बाबा रे, हा अर्थ इथे नाही! ‘सिन्स’ म्हणजे ‘तेव्हापासून’ एवढेच ज्याला माहीत, त्याला तो शब्द ‘कारण’ या अर्थाने आलेला कळला नाही. ‘स्टेट’ म्हणजे देश किंवा राज्य; तिथे ‘अवस्था’ हा अर्थ होता. आमच्या मुलीच्या पुस्तकातही रुग्णाच्या ‘स्टेट’वर ‘राज्य’ लिहिलेले सापडलेच. हैफाचा विद्यार्थी आणि भंडारदऱ्याची मुलगी एकाच दगडाला ठेचकाळली.

मीही ठेचकाळलो आहे. एम्.ए.ला असताना एका इंग्रजी लेखात ‘स्टिल वॉटर’ असे दोन शब्द आले. ‘स्टिल’ म्हणजे ‘अजून’, हे मला पाचवीपासून पाठ. ‘अजून पाणी’ म्हणजे काय, यावर मी एक संध्याकाळ घालवली. पाणी संथ होते.

आमच्याकडे या दुखण्याला आणखी एक उपदुखणे आहे, आणि ते वर्गात नव्हे, बाजारात जडते. पुष्कळ इंग्रजी शब्द आता मराठीत नांदायला आले आहेत. पण सासरी येताना त्यांनी आपले सारे अर्थ बरोबर आणलेले नाहीत. बहुधा एकच आणला आहे. ‘रेंज’ हा शब्द घ्या. घाटघरच्या वाटेवर कुणालाही विचारा, रेंज म्हणजे मोबाइलची. ती इथल्या डोंगरात कुठे येते, कुठे जाते, कोणत्या दगडावर उभे राहिले की मिळते, हे पोरासोरांना पाठ असते. एका मुलाने ‘सह्याद्री रेंज’चे भाषांतर ‘सह्याद्रीत मिळणारी रेंज’ असे केले होते. मला ते वाचून त्याच्या अनुभवाविषयी सहानुभूती वाटली. बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोर कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडाकडे पसरलेली सह्याद्रीची अख्खी रांग उभी आहे, तीच ‘रेंज’. वनखात्याचा रेंजर सांभाळतो तीही ‘रेंज’, म्हणजे वनाचे परिक्षेत्र. तोफेचा पल्ला तीही ‘रेंज’. सगळ्या त्याच्या शेजारच्या. पण त्याला माहीत होती ती खिशातली.

‘फॉल’चेही तसेच. आमच्या पंचक्रोशीत रंधा फॉल आहे, भंडारदऱ्याचा अम्ब्रेला फॉल आहे. पावसाळ्यात ते बघायला मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग लागते. आणि पेठेत शिंप्याच्या दुकानावर पाटी असते, ‘येथे फॉल-पिको करून मिळेल’. साडीच्या काठाला आतून लावायची ती पट्टी. अमेरिकेत पानगळीच्या ऋतूलाही ‘फॉल’ म्हणतात, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले होते, “म्हणजे तिथे ऋतूला पण पट्टी लावतात का, सर?” वर्ग हसला. पण ती चेष्टा करीत नव्हती. कादंबरीच्या कथानकाला इंग्रजीत ‘प्लॉट’ म्हणतात असे मी एकदा सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, “किती गुंठ्यांचा?” तो मात्र चेष्टाच करीत होता.

इंग्रजीचा कोश हे तर मोठेच अरण्य आहे. ऑक्सफर्डच्या महाकोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा त्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या तीन अक्षरी शब्दाची होती. त्याच्या अर्थांची संख्या चारशेच्या वर. पुढे नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाचे संपादक ‘रन’ या क्रियापदाला बसले. कित्येक महिने त्या एका शब्दापाशी काढून त्यांनी ६४५ अर्थ वेगळे केले. २०११ च्या सुमारास ही बातमी प्रसिद्ध झाली. आम्ही ‘रन’ म्हणजे धावणे, आणि क्रिकेटमधली धाव, एवढ्यावर आयुष्य काढले.

मौज अशी, की जितका शब्द लहान आणि रोजचा, तितके त्याचे अर्थ जास्त. त्यामुळे ‘आधी सोपे शब्द शिकवा’ हा उपदेश वाटतो तेवढा सोपा नाही. १९३० साली ऑग्डेन या इंग्रज पंडिताने अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ तयार केली. जगाला इंग्रजी शिकवण्याचा केवढा सुटसुटीत मार्ग! पण त्या ८५० शब्दांना मिळून अर्थ किती, हा प्रश्न टीकाकारांनी विचारलाच. पेटी लहान केली, पण तिच्यात कपडे दाबून भरले, असा तो प्रकार.

या बाबतीत मला मायकेल वेस्ट हा माणूस अधिक शहाणा वाटतो. तो इंग्रजांच्या राज्यात ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य होता. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना नेमके काय अडते, ते त्याने जवळून पाहिले होते. त्याने १९५३ साली सुमारे दोन हजार अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि तिच्यात प्रत्येक शब्दापुढे त्याचा कोणता अर्थ शंभरांत किती वेळा येतो, याचा हिशेब दिला. म्हणजे मास्तराने कोणता अर्थ आधी शिकवावा आणि कोणता खुशाल पुढे ढकलावा, हे ठरवता यावे. इतके कष्ट घेऊन केलेली ती यादी. पण यादीपुढची ती टक्केवारी आमच्या किती शाळांपर्यंत पोचली असेल, याची मला शंकाच आहे. शब्द पोचले, बरोबरचे चिन्ह घालून.

पण ओसरीवर बसलेल्या मुलीला मायकेल वेस्टचा काय उपयोग? तिला चार दिवसांनी वॉर्डात उभे राहायचे होते. मी पुस्तक मिटले आणि माझ्या धंद्यातले हत्यार काढले.

“‘लागणे’ या शब्दाची वाक्ये सांग बघू.”

तिला वाटले, सरांचे काहीतरी बिनसले. पण शिकवलेली मुलगी, सांगू लागली. “भूक लागली. ठेच लागली. आग लागली.” थोडी थांबली. “नोकरी लागली.” मग बापालाच चेव आला. “आंब्याला मोहोर लागला. आंबा गोड लागला. झड लागली. पोरगी अभ्यासाला लागली. ही तुमची कोण लागती?” मी बोटे मोजत होतो, दोन्ही हात संपले तरी दोघांचे चालूच होते.

“आता ‘गाडी लागली’ म्हणजे काय, सांगा.”

“फलाटाला एस.टी. लागली,” बाप म्हणाला.

“मला गाडी लागते,” मुलगी म्हणाली. “घाटात ओकारी होते.”

“मग गाडी लागली म्हटल्यावर फलाटाची कोणती नि ओकारीची कोणती, हे तुला कसं कळतं?”

ती म्हणाली, “त्यात काय कळायचं, सर? स्टँडवर म्हटलं तर फलाटाची. घाटात म्हटलं तर दुसरी.”

मला त्या मुलीच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. कारण ती जे सहज बोलली, ते सांगायला आमच्या शास्त्रकारांनी मोठी मांडणी केली आहे. ‘सैंधव’ शब्दाचे उदाहरण जुन्या पाठशाळांत हमखास सांगत. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू देशातला घोडा. धनी जेवायला बसलेला असताना ‘सैंधव आण’ म्हणाला, तर मीठ आणावे. प्रवासाला निघताना म्हणाला, तर घोडा. पानापाशी घोडा आणून उभा करणारा नोकर कोश पाठ केलेला असू शकेल, शहाणा नव्हे. पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ कशाकशावरून ठरतो, याची यादीच दिली आहे. बरोबर कोणता शब्द आला आहे, विरोधात कोण आहे, प्रकरण कसले चालले आहे, स्थळ कोणते, काळ कोणता. पुढे अलंकारशास्त्राच्या मम्मटासारख्या आचार्यांनी ती उचलली. एम्.ए.ला आम्ही ती घोकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. मुलगी ‘स्टँडवर’ आणि ‘घाटात’ म्हणाली, तेव्हा ती भर्तृहरीच्या यादीतला ‘देश’ सांगत होती.

म्हणजे जे काम तिला इंग्रजीत जमत नाही असे सिस्टरना वाटले, ते ती जन्मापासून मराठीत दिवसातून शंभर वेळा करीत होती. इंग्रजीच्या दारात मात्र तिने आपली अक्कल चपलांसारखी बाहेर काढून ठेवली होती. आम्हीच तिला ती काढायला लावली होती म्हणा ना!

मग आम्ही डिस्चार्जला हात घातला. मी घरातला कोश आणला. ‘चार्ज’ या शब्दाचे कूळ शोधत मागे गेले की लॅटिनमधल्या गाडीपाशी पोचतो; चार्ज करणे म्हणजे मुळात गाडीवर ओझे लादणे. डिस्चार्ज म्हणजे ते उतरवणे. बापाला हे चट्कन पटले. गाडी भरायची आणि रिकामी करायची, एवढेच ना! मग मी विचारले, “पावसाळ्यात धरण भरल्यावर काय करतात?” १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण त्यांच्या दाराशीच. तो म्हणाला, “पाणी सोडतात.” त्यालाही इंग्रजीत डिस्चार्जच म्हणतात. पेशंट बरा झाला की काय करतात? “सोडतात.” बंदुकीची गोळी? “सोडतात.” शिपायाला पलटणीतून? “सोडलं म्हणायचं.” आणि जखमेतून?

मुलगी क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “पाणी सुटतं.”

इंग्रजीच्या एका शब्दाच्या पाच वाटा आणि मराठीच्या एका शब्दाच्या पाच वाटा अशा शेजारून जात होत्या. मला तोपर्यंत ते कधी दिसले नव्हते. अर्थात कर्तव्य ‘डिस्चार्ज’ करणे म्हणजे ते सोडून देणे नव्हे, पार पाडणे, तेव्हा इथेही फार लाडात येऊन चालत नाही.

तिच्या पुस्तकातल्या दुसऱ्या शब्दांनीही मग आपली गाऱ्हाणी सांगितली. ‘प्युपिल’चे तर मोठेच नवल. लॅटिनमध्ये त्याचे मूळ लहान मुलगी, बाहुली या अर्थाच्या शब्दात आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांत निरखून पाहिले की आपलीच इवलीशी आकृती दिसते, तिच्यावरून ते नाव पडले. आणि मराठीत आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! रोममधल्या माणसाला आणि आपल्या आजीला एकच चित्र दिसले होते. ज्याचा सांभाळ दुसऱ्याने करायचा त्या मुलाचे नाव त्याच मुळापासून आले आणि त्याचाच पुढे विद्यार्थी झाला. ‘स्टूल’ हा शब्द विचारताना मुलगी लाजली. वॉर्डात आलेल्या एका मुलीने स्टूल लॅबला द्यायचे म्हटल्यावर बसायचे लाकडी स्टूल उचलले होते म्हणे. बसण्याच्या आसनावरून शौचाच्या आसनाला आणि त्यावरून मळालाच ते नाव पडले. आपण ‘परसाकडे जाणे’ म्हणतो तेव्हा तरी दुसरे काय करतो? जागेचे नाव घेऊन काम भागवतो.

पण सगळेच शब्द असे नात्यातले निघत नाहीत, हे मी तिला सांगून टाकले. ‘टेंपल’ म्हणजे देऊळ आणि ‘टेंपल’ म्हणजे कानशील, हे दोन शब्द लॅटिनमध्येही वेगवेगळेच होते. इंग्रजीत येता येता झिजून सारखे झाले. वासराचा ‘काफ’ जुन्या इंग्रजीतला, पोटरीचा ‘काफ’ उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला. एका वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असतात, तसे. तिथे नाते शोधत बसू नये. वर्गशिक्षक ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ म्हणून वेगळ्या ओळखतो, तसे ओळखावे.

राहिले ते मूळ वाक्य: “नऊ नंबरचा डिस्चार्ज बघून ठेव.” माझ्यातला व्याकरणाचा मास्तर इथे जागा झाला. घरी सोडायचे असते, तर सिस्टर बहुधा ‘नऊ नंबरला डिस्चार्ज आहे’ म्हणाल्या असत्या. ‘ला’ आणि ‘चा’. चतुर्थी आणि षष्ठी. शिवाय ‘बघून ठेव’. बघायची ती दिसणारी वस्तू. आणि शस्त्रक्रियेला दोनच दिवस झालेले, म्हणजे ‘काळ’ही साक्षीला उभा. इंग्रजी शब्दाचा उलगडा त्याच्या भोवतीच्या मराठीत पडलेला होता. मुलगी म्हणाली, “पण सर, डिस्चार्जचे कागद बघून ठेव, असाही अर्थ होतोच की.”

खरेच होत होता. माझी षष्ठी तिथे लंगडी पडली. मी म्हटले, “मग विचारायचं.”

“विचारलं की म्हणतात, इंग्रजी येत नाही का?”

याला माझ्या कोशात उत्तर नव्हते. एवढेच म्हणालो, की सिस्टरनाही कुणी तरी पहिल्यांदा सांगितलेच असेल.

संदर्भ संदर्भ म्हणून आम्ही मास्तर फार नाचतो, त्याचीही एक मर्यादा आहे. भोवतीचे शब्द कळले तर ते मधल्या शब्दावर उजेड पाडणार. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली दाखवले, की मदतीवाचून वाचून नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नासांत एखादाच परका. तिच्या पुस्तकाच्या एकेका ओळीत चार-चार परके होते. अशा ओळीत संदर्भ शोधणे म्हणजे अनोळखी गावात अनोळखी माणसाला पत्ता विचारणे. तिथे कोश हवा, शिकवणारा हवा, आणि वेळ हवा. यातले कोश आणि वेळ तेवढे माझ्यापाशी सुटीत होते.

तीन दिवस ती आली. पहिल्या दिवशी बापाबरोबर, मग धाकट्या भावाबरोबर. आमच्या घरात तिच्यासाठी चकल्या वेगळ्या निघू लागल्या. मी तिला एकच शिस्त लावली. नव्या वहीत बरोबरचे चिन्ह काढायचे नाही. शब्द लिहायचा, पुढे तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य लिहायचे, आणि अर्थ त्या वाक्यापुरता. तोच शब्द दुसरीकडे दुसऱ्या अर्थाने भेटला, तर त्याच्याखाली दुसरे वाक्य. त्यासाठी जागा सोडून ठेवायची. तिने प्रत्येक शब्दाखाली चार-चार ओळी सोडल्या. वही लवकर संपेल, अशी तिला काळजी होती. मी आणखी दोन वह्या दिल्या. पेन्सिलीचे वासरू मात्र तिने खोडले नाही; त्याच्या शेजारी ‘पोटरी’ लिहिले.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी घोटीकडच्या एस.टी.त बसवायला बाप आला होता. मीही पेठेत गेलो होतो, म्हणून स्टँडवर डोकावलो. मुलगी खिडकीशी बसली होती, हातात आवळसुपारीची पुडी. बाप मला म्हणाला, “सर, गाडी लागली.” आणि मग आत पाहून म्हणाला, “तिला लागू नये म्हणजे झालं.”

महिन्याभराने रात्री नऊच्या सुमारास फोन आला. मागे वॉर्डातली गडबड ऐकू येत होती. तिने खुशाली सांगितली. सिस्टर आता तिला नऊ नंबरपाशीच नव्हे, अकरा नंबरपाशीही पाठवीत होत्या. मग आवाज दबका करून म्हणाली, “सर, एक विचारू? ‘क्रिटिकल’ म्हणजे गंभीर ना? पण ‘अप्रिसिएशन’च्या पुढं पण क्रिटिकल होतं, बारावीला. मग इथं सिस्टर म्हणाल्या...”

“वाक्य सांग,” मी म्हटले. “सगळं वाक्य सांग.”

तिने सांगायला सुरुवात केली आणि रेंज गेली. मी फोन घेऊन अंगणात आलो, मग फाटकाबाहेर, मग रस्त्यापलीकडच्या त्या दगडावर चढून उभा राहिलो.